औषध ज्याचं त्याचं

रक्तपेढीत लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात अंगवळणी पडलेला नियम साधा होता: आजारी माणसाचं रक्त घ्यायचं नाही. हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली, परत पाठवा. वजन 45 किलोपेक्षा कमी, परत पाठवा. परवा ताप येऊन गेला, अँटिबायोटिकचा कोर्स चालू आहे, काल रात्रपाळी करून आलाय, सगळ्यांना चहा-बिस्किट द्या आणि परत पाठवा. गणपती मंडळांच्या शिबिरात हे नकार देण्याचं काम बहुधा माझ्याकडेच यायचं, कारण मला ते हसत करता येतं. "ताई, घ्या हो, मला काही होत नाही" म्हणून दंड पुढे करणारे किती कार्यकर्ते मी माघारी धाडले असतील, त्याचा हिशेब नाही.

आता माझ्यासमोरच्या खुर्चीत जो येऊन पडतो, तो या सगळ्या कसोट्यांवर नापास असतो. हिमोग्लोबिन 8, प्लेटलेट जेमतेम, केमोनं भुवया गेलेल्या, हाताच्या शिरा टोचून टोचून टणक झालेल्या. आणि नेमकं त्याचंच रक्त हवं असतं. सख्खा भाऊ शेजारी उभा राहून "माझं घ्या" म्हणत असला तरी चालत नाही. औषध ज्याचं त्याच्याच पेशींतून बनणार असतं.

मी अफेरेसिस तंत्रज्ञ आहे, मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत. हे पद सांगितलं की ओळखीचे लोक "म्हणजे लॅबमध्ये" असं म्हणून विषय बदलतात आणि मीही फार ताणत नाही. काम असं असतं: एका हाताच्या शिरेतून रक्त बाहेर येतं, मशीनमधल्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरतं आणि वजनाप्रमाणे त्याचे थर वेगळे होतात. तांबड्या पेशी बाहेरच्या कडेला, प्लाझ्मा आतल्या बाजूला आणि दोन्हींच्या मध्ये पांढऱ्या पेशींचा एक पातळ थर. हवा तो थर बॅगेत घ्यायचा, उरलेलं सगळं दुसऱ्या हातातून माणसाला परत द्यायचं. डेंग्यूच्या दिवसांत नातेवाईक ज्या एसडीपीसाठी रात्री-अपरात्री धावाधाव करतात, त्या प्लेटलेट याच मशीनवर निघतात. बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठीच्या मूळ पेशीही इथेच निघतात.

त्यामुळे पेशी हेच औषध, ही कल्पना आमच्या खात्याला नवी नाही. भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट 1983 साली परळच्या टाटा मेमोरियलमध्ये झालं. ते करणारे डॉ. सुरेश अडवाणी लहानपणी झालेल्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीतून वावरत. सिएटलला डॉनल थॉमस यांच्याकडे ते शिकून आले होते. पेशंट नऊ वर्षांची मुलगी होती आणि मॅरो तिच्या भावाचा. आमच्या क्षेत्रातले जुने लोक ती गोष्ट अजून घरच्या लग्नाची सांगावी तशी सांगतात.

नवी आहे ती त्यापुढची पायरी. पेशी बाहेर काढायची, तिच्यात एक जनुक घालायचं आणि ती त्याच माणसात परत सोडायची. रक्ताच्या कॅन्सरसाठी जी कार-टी उपचारपद्धती आली, ती अशी. आपल्याकडे तिची सुरुवात कोविडची दुसरी लाट ओसरत असताना झाली. 4 जून 2021 रोजी खारघरला टाटाच्याच अ‍ॅक्ट्रेकमध्ये पहिल्या पेशंटला या पेशी दिल्या. पवईला आयआयटीमध्ये राहुल पुरवार यांच्या गटानं ती पेशी घडवली होती आणि टाटाचे डॉ. हसमुख जैन, डॉ. गौरव नरुला यांनी ती पेशंटपर्यंत नेली. ऑक्टोबर 2023 मध्ये नेक्सकार19 या नावानं तिला केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली. 4 एप्रिल 2024 ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू पवईला आल्या तो कार्यक्रम आम्ही रक्तपेढीत मोबाइलवर पाहिला. अर्धाच पाहिला, मधूनच एसडीपीचा डोनर आला.

आमच्याकडे कार-टीसाठी जे पेशंट आले, त्यांतले एक काका मला चांगले आठवतात. साताऱ्याकडचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. लिम्फोमा दोनदा परतलेला. आदल्या दिवशी शिरा तपासायला मी वॉर्डात गेले तर त्यांनी बाही आधीच वर सरकवून ठेवली होती. माझी निम्मी चिंता तिथेच मिटली, कारण डाव्या कोपरातली शीर शाबूत होती. शीर नसेल तर मानेत किंवा जांघेत जाड नळी बसवावी लागते आणि प्लेटलेट कमी असलेल्या माणसाला तेवढीही गोष्ट साधी नसते.

काकूंनी मला जिन्यापाशी गाठलं. "ताई, डॉक्टर म्हणाले एड्सचा विषाणू वापरतात. खरं का हो?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणीतरी विचारतं आणि नेहमी पेशंटच्या पाठीमागे विचारतं. मी त्यांना खाली बसवून सांगितलं. त्या कुळातला विषाणू घेतात, पण त्याच्यातलं आजार करणारं आणि स्वतःची पिलावळ वाढवणारं सगळं काढून टाकलेलं असतं. उरते ती फक्त पेशीत शिरून जनुक आत ठेवण्याची हातोटी. ते जनुक टी-पेशीला, म्हणजे आजाराशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीला, एक नवा ग्राहक देतं, म्हणजे पेशीच्या अंगावर एक नवं टोक उगवतं, ज्यानं तिला समोरच्या पेशीवरची सीडी19 नावाची खूण ओळखता येते. ती खूण लिम्फोमाच्या पेशीवर असते. एरवी आपली टी-पेशी कॅन्सरच्या पेशीजवळून निघून जाते, कारण कॅन्सर तिला घरचाच वाटतो. काकूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे ह्यांच्याच पेशींना शिकवून पाठवणार." मी हो म्हटलं. याहून नीट मला सांगता आलं नसतं.

कलेक्शनच्या दिवशी काका सकाळी पोटभर नाश्ता करून आले. चार तास हात हलवता येत नाहीत, तेव्हा त्याआधी मूत्राशय रिकामं केलंय ना, हा माझा पहिला प्रश्न असतो. तंत्रज्ञानाबद्दलच्या लेखांत हे येत नाही, पण हे विचारलं नाही तर निम्मी कलेक्शनं याच कारणानं मध्येच थांबवावी लागतील. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि लिम्फोसाइट, म्हणजे टी-पेशी ज्यांत येतात त्या पांढऱ्या पेशी, पुरेशा मिळायच्या तर ते सगळं दोन-तीनदा मशीनमधून फिरवावं लागतं. एका वेळी पाव लिटरच्या आसपासच रक्त बाहेर असतं. नळ्यांमध्ये ते गोठू नये म्हणून सायट्रेट घालतात, ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, आणि मग सुरुवात ओठांपासून होते.

"ताई, ओठांना मुंग्या आल्या."

"बोटांना?"

"बोटांना नाहीत अजून."

कॅल्शियमची ड्रिप थोडी वाढवली, मशीनचा वेग कमी केला. पाच-दहा मिनिटांत मुंग्या गेल्या. मग काकांनी मला सातारा ते स्वारगेट मार्गावर कुठल्या वळणाला कोण प्रवासी उलटी करतो याचं सविस्तर वर्णन ऐकवलं. मी ऐकत होते, पण नजर नळीवर. बॅगेकडे जाणाऱ्या नळीतला रंग पाहून थर नीट लागलाय की नाही ते कळतं. पाणी जरा जास्त झालेल्या कोकम सरबताचा रंग दिसला की समजायचं, बरोबर चाललंय. गडद झाला तर तांबड्या पेशी जास्त येताहेत, फिकट झाला तर प्लाझ्मा आणि प्लेटलेट. मशीन स्वतः मोजतं, पडद्यावर आकडे दाखवतं, पण रंगावरून ठरवणारी माणसं अजून लागतात. पेशंट खोकला, कोपर वळवलं, घाबरून श्वास रोखला, की थर हलतो.

दोन-अडीचशे मिलीची एक बॅग भरली. त्यानंतर जे होतं त्याचं दडपण मला सुई टोचण्याहून जास्त येतं. लेबल. पेशंटनं स्वतःच्या तोंडानं पूर्ण नाव सांगायचं, जन्मतारीख सांगायची, मनगटाच्या पट्टीवरचा क्रमांक आणि बॅगेवरचा क्रमांक दोघांनी वेगवेगळा वाचून ताडायचा. रक्ताची पिशवी चुकली तर क्रॉसमॅच नावाचा एक पहारेकरी पुढे उभा असतो. इथे बॅग घराबाहेर पडते, दोन-तीन आठवडे लोकांच्या हातांतून फिरते, तिचं रूप बदलतं आणि ती त्याच माणसाकडे परत यावी लागते. आपल्याकडे एकाच नावाची, एकाच आडनावाची आणि वडिलांचंही तेच नाव असलेली दोन माणसं एकाच मजल्यावर सापडतात. म्हणून आमच्याकडे लेबल लावताना कुणीही कुणाशी बोलत नाही, साहेब आले तरी.

मग तापमानाची नोंद ठेवणारी पेटी येते. ठरलेल्या तासांत ती प्रयोगशाळेत पोचलीच पाहिजे, म्हणून कलेक्शनची तारीख लावताना आम्ही डॉक्टरांच्या सोयीबरोबर मुंबईचा रस्ताही पाहतो. अनंत चतुर्दशीला कलेक्शन लावायचं नाही, हा आमचा अलिखित नियम. मॅरेथॉनचा रविवारही टाळतो.

प्रयोगशाळेत टी-पेशी वेगळ्या करतात, त्यांना जाग आणतात, विषाणूमार्फत जनुक आत घालतात, काही दिवस वाढवतात. मग तपासण्या: जंतू नाहीत ना, जिवंत पेशी किती, नवा ग्राहक किती पेशींवर उगवला. सगळं जमलं की द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून परत. इकडे पेशंटला आधी तीन दिवस फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फमाइड देतात, नव्या पेशींना आत जागा व्हावी म्हणून. आणि मग ज्या क्षणासाठी एवढं सगळं केलं, तो क्षण अगदी किरकोळ असतो. 37 अंशांच्या पाण्यात पिशवी वितळवायची आणि काही मिनिटांत शिरेतून सोडून द्यायची. गोठवताना घातलेल्या डीएमएसओचा लसणासारखा वास खोलीत सुटतो. काकांचे चिरंजीव मोबाइलवर व्हिडिओ काढायला सरसावले होते. त्यांनी बटण दाबून कोन नीट करेपर्यंत पिशवी अर्धी संपली होती.

खरी परीक्षा पुढे असते. पेशी आत वाढू लागल्या, लढू लागल्या की ताप चढतो, रक्तदाब उतरतो. 2012 मध्ये फिलाडेल्फियाला एमिली व्हाइटहेड या मुलीला हा उपचार मिळाला तेव्हा ती याच वादळात जवळजवळ गेली होती. तिच्या रक्तात इंटरल्यूकिन-6 प्रचंड वाढलेलं दिसलं आणि त्याला अडवणारं टोसिलिझुमॅब हे संधिवातावरचं औषध हा उपचार घडवणाऱ्या कार्ल जून यांना माहीत होतं, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला संधिवात होता. ते दिलं आणि ती वाचली. आज टोसिलिझुमॅब हाताशी असल्याशिवाय कुणी कार-टीची पिशवी वितळवत नाही.

मेंदूवर परिणाम होतोय का हेही रोज पाहतात. ते पाहायची रीत मात्र शाळेतली आहे. आज कोणता महिना, हे पेन, हे घड्याळ, शंभरापासून दहा-दहानं उलटे मोजा आणि एक वाक्य लिहून दाखवा. वाक्य कोणतं, ते पेशंटनं निवडायचं, मग रोज तेच. अक्षर बिघडलं, शब्द गळला, तर स्कॅनच्या आधी तो कागद सांगतो. काकांनी निवडलं, "सातारा स्वारगेट विनाथांबा." सिस्टरांनी म्हटलं, हे वाक्य नाही, क्रियापद कुठाय. काका म्हणाले, गाडीला लागत नाही क्रियापद. तिसऱ्या दिवशी त्यांना 102 ताप होता, औषध द्यावं लागलं, पण पाटीवरची अक्षरं असावीत तशी ठसठशीत ओळ रोज उतरत राहिली. महिन्याभरानं पेट स्कॅन स्वच्छ आला.

असं सगळ्यांचं होत नाही. नेक्सकार19 च्या चाचण्यांचे निकाल मार्च 2025 मध्ये 'लॅन्सेट हेमॅटॉलॉजी'त आले. ज्यांच्यावरचा परिणाम मोजता आला त्यांतल्या सुमारे 73 टक्के पेशंटांचा आजार मागे हटला होता. दुसरे सगळे उपाय थकलेल्या माणसांसाठी हा आकडा फार मोठा आहे. तो वाचताना उरलेले 27 टक्के मला आधी दिसतात, हा माझ्या कामाचा दोष असेल. आणि मागे हटलेला आजार सगळ्यांत कायमचा हटत नाही. सीडी19 ही खूण निरोगी बी-पेशींवरही असते, त्या पण मारल्या जातात, मग प्रतिकारशक्ती खालावते आणि काहींना कित्येक महिने बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अशा उपचारांच्या वेष्टनावर एक ठळक इशारा छापायला लावला, कारण थोड्या पेशंटांमध्ये पुढे टी-पेशींचाच कॅन्सर झालेला दिसला होता. संमतीपत्राच्या वेळी हे सगळं सांगतात. नातेवाईक ऐकतात आणि सही करतात, दुसरं काय करणार.

पण ज्याबद्दल मला बोलायचं आहे ते याच्या अलीकडे घडतं, मशीनला पेशंट जोडण्याच्याही आधी.

मराठवाड्यातला एक मुलगा आमच्याकडे आला होता. इंजिनिअरिंग अर्धवट सुटलेलं, ल्युकेमिया परतलेला. त्याच्या लिम्फोसाइट मायक्रोलिटरमागे 180 होत्या. साधारणपणे 500 तरी असल्याशिवाय कलेक्शनला हात घालत नाहीत. थांबून पाहिलं. थांबलं की आजार वाढतो, आजार दाबायला केमो दिली की लिम्फोसाइट पडतात. शेवटी एका बऱ्या दिवशी कलेक्शन केलं. चार तासांच्या जागी सहा तास मशीन चाललं. बॅगेत पेशी आल्या, पण प्रयोगशाळेतून निरोप आला की त्या वाढत नाहीत. दुसऱ्यांदा कलेक्शन करण्याची वेळ आलीच नाही.

त्याची फाइल मी नंतर चाळली, तशी चाळायची गरज नव्हती. पहिल्यांदा आजार परतला तेव्हा त्याचा काउंट उत्तम होता. तेव्हाच डॉक्टरांनी कार-टीबद्दल सांगितलंही होतं. खर्च चाळीस लाखांच्या आसपास. 2017 मध्ये अमेरिकेत असा पहिला उपचार बाजारात आला तो 4 लाख 75 हजार डॉलरला, त्या मानानं हे स्वस्त, असं आपण म्हणतो आणि ते खरंही आहे. पण महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाख. उरलेल्यासाठी शेत, दागिने, मुख्यमंत्री सहायता निधी, देवस्थानांचे ट्रस्ट, गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारा क्यूआर कोड. त्याच्या वडिलांनी हे सगळं केलं आणि पैसे जमवलेही. जमवायला जे महिने लागले, त्या महिन्यांत आजार आटोक्यात राहावा म्हणून मुलाला केमोच्या आणखी फेऱ्या दिल्या. प्रत्येक फेरीत त्याच्या ताज्या, वाढू शकणाऱ्या टी-पेशी कमी होत गेल्या. पैसे तयार झाले तोवर ज्यापासून औषध करायचं तेच संपत आलं होतं.

गोळीचं औषध फळीवर वाट पाहत बसतं. सहा महिन्यांनी पैसे आणले तरी गोळी तीच असते. इथे औषध पेशंटच्या अंगात आहे आणि ते उपचारांनीच रोज झिजतंय. आपल्याकडे मात्र हा उपचार शेवटच्या रांगेत उभा केलाय, सगळं करून झालं की मग. मोठ्या बी-पेशींच्या लिम्फोमात पहिला उपचार लवकर फसला तर थेट कार-टी द्यायला अमेरिकेत 2022 मध्येच मान्यता मिळाली. आपल्या खर्चात ते सगळ्यांना जमणार नाही, हे मला कळतं. पण कलेक्शन तर लवकर करता येईल? आजार पहिल्यांदा परतला, काउंट चांगला आहे, तेव्हाच पेशी काढून गोठवून ठेवायच्या. ट्रान्सप्लांट करणाऱ्या केंद्रांकडे गोठवण्याची सोय असतेच. बाहेर काही ठिकाणी असं करतात. पैसे नंतर उभे राहिले तर चांगल्या पेशी हाताशी असतील, नाही राहिले तर एका कलेक्शनचा खर्च वाया गेला. मी हे आमच्या मॅडमना बोलले, त्यांनी मोठ्या बैठकीत मांडलं. त्यावर, उपचार ठरलाच नसताना पेशी काढायच्या कुठल्या खर्चाच्या खात्यात, असा प्रश्न आला. तिथे ते अडलंय. तोवर मला जमतं तेवढं मी करते. बाहेरगावचे डॉक्टर पेशंटबद्दल फोन करतात तेव्हा पुढची केमो कधी आहे ते मी आधी विचारते आणि त्याआधीच काउंट पाठवायला सांगते. काहींना ते आगाऊपणाचं वाटतं.

या सगळ्यात एक त्रास वेगळाच. घरी, लग्नात, कुणीही भेटलं की विचारतात, "तुमच्याकडे स्टेम सेल करतात ना? आमच्या सासूबाईंच्या गुडघ्याला करायचंय." शहराशहरात पाट्या आहेत, गुडघा, केस, ऑटिझम, सगळ्याला एकच सुई. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. रक्ताच्या आजारांसाठी मूळ पेशींचं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं संशोधन समजायचं आणि संशोधनासाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. मी हे एक-दोनदा नीट समजावून सांगितलं. सासूबाईंनी तरीही सुई घेतली, आणि गुडघा होता तसाच आहे. जनुक-उपचारांची खरी बातमी आणि ही पाटी यांच्यात लोकांना फरक दिसत नाही. त्यात लोकांची फारशी चूक आहे असंही मला वाटत नाही. दोन्हींत 'पेशी' आहे आणि दोन्हींत लाख आहेत.

खऱ्या बातम्या मात्र वेगानं येताहेत. वेल्लोरच्या सीएमसीमध्ये डॉ. आलोक श्रीवास्तव यांच्या गटानं हिमोफिलिया ए असलेल्या पाच जणांच्या मूळ पेशींत फॅक्टर आठचं जनुक घातलं. डिसेंबर 2024 मध्ये ते प्रसिद्ध झालं तेव्हा उपचारानंतर पाचांपैकी कुणालाही रक्तस्राव झालेला नव्हता. ज्यांनी आमच्या रक्तपेढीत आयुष्यभर क्रायोच्या, म्हणजे फॅक्टर आठ असलेल्या, पिशव्यांसाठी खेटे घातले, त्यांच्यासाठी ही बातमी काय आहे ते मला कळतं. ब्रिटननं नोव्हेंबर 2023 मध्ये आणि अमेरिकेनं त्याच डिसेंबरात सिकलसेलवरचा पहिला क्रिस्पर, म्हणजे जनुक-संपादनाचा, उपचार मंजूर केला. अमेरिकेतली त्याची किंमत 22 लाख डॉलर. आपल्याकडे दिल्लीच्या आयजीआयबी या संशोधन संस्थेनं स्वतःची क्रिस्पर पद्धत विकसित केली, नाव बिरसा 101, आणि 2025 मध्ये ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवली. स्वस्तात करायची म्हणून.

नाव बिरसा मुंडांचं, कारण सिकलसेल आदिवासी भागात जास्त. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, मेळघाट. 1 जुलै 2023 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत तपासण्या होताहेत, रंगीत कार्डं वाटली जाताहेत. हायड्रॉक्सियुरिया ही साधी गोळी अनेकांना नेमानं मिळाली तरी बराच त्रास वाचतो, आणि ती नेमानं पोचत नाही, हेही तितकंच खरं.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे प्रशिक्षणाला विदर्भातली तीन मुलं-मुली आली होती. त्यातली एक चंद्रपूरकडची, हात फार हलका, पहिल्या टोचण्यात शीर सापडायची. सिकलसेलचं मी शिकवत होते. या पेशंटला मूळ पेशी रक्तात उतरवायला नेहमीचं जी-सीएसएफ द्यायचं नाही, त्यानं जीवघेणा क्रायसिस येऊ शकतो. प्लेरिक्साफॉर द्यायचं. कलेक्शनच्या आधी रक्त बदलून सिकल पेशींचं प्रमाण खाली आणायचं. थर नेहमीच्या जागी लागत नाही, तो खोल शोधावा लागतो. एका फेरीत पुरेशा पेशी बहुधा मिळत नाहीत, पुन्हा बोलवावं लागतं. ती भराभर लिहून घेत होती. मग थांबून म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं अफेरेसिसचं मशीनच नाही. नागपूरला पाठवतो."

"किती तास?"

"गाडी मिळाली तर तीन. पण हे लोक आतल्या गावांतून येतात. एका पेशंटला दोनदा-तीनदा नेऊन आणायचं, क्रायसिस न येऊ देता. कोण नेणार?"

मी तिला म्हटलं, मशीनसाठी पत्र लिहायचं ते आत्ताच लिहायला सांग तुमच्या सरांना, औषध आल्यावर नको. निविदा, खरेदी, बसवणं, शिकणं, यातच दोन वर्षं जातात. आणि पत्रात मशीनबरोबर किटचाही खर्च धरायला सांग, कारण मशीन देणगीत येतं आणि किट कुणी देत नाही. तिनं ते लिहून घेतलं. मग मी तिला दुसऱ्या हाताची सुई परतीच्या नळीला जोडायला दिली.